मनगटातली तीन हाडं

नाशिकच्या गंगापूर रोडला जानेवारी लागला की द्राक्षांच्या आधी नर्सरीचे फलक येतात. अशोक स्तंभापासून जेहान सर्कल, पुढे आनंदवली, पार सोमेश्वरपर्यंत खांबाखांबावर ‘प्रवेश सुरू’. आमची नात डिसेंबरात तीन वर्षांची झाली, म्हणून सूनबाई आणि मी गेल्या पंधरवड्यात पाच ठिकाणी जाऊन आलो. पाचही ठिकाणी आमच्यासमोर सर्वांत आधी एकच वस्तू ठेवली गेली. चार रेघी वही.

“आमची मुलं दिवाळीपर्यंत उभ्या रेघा, आडव्या रेघा संपवतात,” हे चौथ्या ठिकाणी ऐकलं. पाचव्या ठिकाणी तर मार्चपर्यंत पन्नासपर्यंत अंक लिहून होतात. मुलं बोलतात किती, हे कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा समोरच्या बाईंना वाटलं, आमच्या नातीच्या बोलण्यात काही दोष आहे.

तिसऱ्या ठिकाणी वर्ग चालू असताना आत डोकावू दिलं. बंगल्याचं पार्किंग बंदिस्त करून केलेली खोली, खाली हिरवं प्लॅस्टिकचं गवत, भिंतीवर छतापर्यंत कार्टून. पुढच्या बाकावर एक मुलगा बसला होता. पेन्सिल मुठीत धरलेली, अंगठ्याचं टोक दाबून पांढरं पडलेलं, जीभ ओठाबाहेर. एक उभी रेघ. तिरकी गेली. खोडरबर. पुन्हा रेघ, पुन्हा तिरकी. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला आणि त्यानं ते भोक चटकन तळहातानं झाकलं. बाईंना दिसू नये म्हणून! तीन वर्षांच्या पोरानं लपवायची पहिली गोष्ट म्हणजे वहीतलं भोक. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता त्या हाताचं थोडं ऐका. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती सगळी नुसती कूर्चा असते. हाडं एकेक करून तयार होतात, आणि तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला तर त्यात जेमतेम तीन दिसतात. आठवं दिसायला नऊ-दहा वर्षं लागतात. पेन्सिल बोटांच्या चिमटीत धरून सरळ रेघ ओढायला मनगट स्थिर लागतं, आणि ते स्थिर होतं कशानं? कणीक मळून, वाळू उपसून, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून, दोरीला लोंबकळून, मण्यात दोरा ओवून. म्हणजे ज्या सगळ्या गोष्टींना आपण ‘नुसतं खेळणं’ म्हणतो त्यांनी. ही कामं पुरेशी झाली की तेच पोरगं पुढे पाच-सहा वर्षांचं झाल्यावर काही आठवड्यांत लिहायला लागतं. आधी रेघा ओढायला लावल्या तर ते काय शिकतं? भोक झाकायला.

यात बाईंना धरू नका. बाहेर पडताना एका तरुण ताईनं मला हळूच सांगितलं, “आजी, आम्हालाही कळतं. पण शुक्रवारी वही घरी गेली नाही की शनिवारी फोन येतो, आठवडाभर काय शिकवलंत म्हणून.” ती वही आपल्याला दाखवायला भरली जाते. फी आपण भरतो आणि पावती म्हणून वही मागतो. वाळूत तासभर खेळलेल्या मुलाच्या हातात दाखवण्यासारखं काय असतं? नखांतली माती. ती पाहून आपण तक्रार करतो.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. 2011 ते 2016 या काळात दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातल्या बालशिक्षण केंद्रानं आणि असर सेंटरनं मिळून राजस्थान, आसाम आणि तेलंगणाच्या खेड्यांतली सुमारे 14,000 मुलं चार वर्षांची असल्यापासून आठ वर्षांची होईपर्यंत पाहिली. कुठल्या बालवाडीत जातात, तिथं दिवसभर काय होतं, पुढे पहिली-दुसरीत काय होतं. निघालं ते असं, की बहुतेक मुलं पाचव्या वर्षी शाळेसाठी तयार झालेलीच नव्हती, आणि यात सरकारी-खासगी असा फारसा भेद नव्हता. अंगणवाडीत खाऊ होता, शिक्षण नावापुरतं. खासगी वर्गात फळ्यावरून उतरवणं आणि एका सुरात म्हणणं. फरक पडला तो मुलांच्या वयाला साजेशा मोजक्या केंद्रांत, जिथं खेळ आखलेला होता, मोकळा वेळ होता आणि ताई मुलांशी बोलत होती. तीन राज्यांतून इतकी वर्षं मुलांच्या मागे फिरून मिळालेलं उत्तर एवढं साधं आहे. त्यावर देशाचं धोरणही हललं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानला, आणि 2022 च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानं सहा वर्षांखालच्या मुलांना पाठ्यपुस्तक नेमायची गरज नाही असं लिहून दिलं. दिल्लीत ते लिहिलं गेलं. गंगापूर रोडवर मात्र नर्सरीच्या प्रवेशाबरोबर सात पुस्तकांचा संच मिळतो.

मग बालवाडी पाहायची कशी? जगभर यासाठी एक मोजपट्टी वापरतात. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड या दोघा अभ्यासकांनी ती 1980 साली अमेरिकेत बसवली. एक ते सात गुण. पाहणारा माणूस काही तास वर्गात गुपचूप बसतो आणि बघतो. सकाळी मूल दारात आल्यावर त्याला कोण आणि कसं भेटतं. डबा खाताना मोठी माणसं मुलांशेजारी बसतात की डोक्यावर उभी राहतात. हात धुवायचं बेसिन मुलाच्या उंचीला आहे का. ठोकळे, वाळू, पाणी, चित्रकला, भातुकली या गोष्टी मुलाला स्वतः हात घालून घेता येतात, की कपाटाच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यात. या मोजपट्टीवर भिंतीवरच्या कार्टूनला गुण मिळत नाहीत. मुलांनी काढलेली चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेली असली तर मिळतात. पाच नर्सऱ्यांपैकी चारांत खेळणी वरच्या फळीवर होती, आणि सगळी नवीकोरी.

आणि मग एक दिवस मी एका अंगणवाडीत गेले. वस्तीतली, पत्र्याची, दहा बाय बाराची खोली. कोपऱ्यात वजनकाटा, टेबलावर नोंदवह्यांची चळत, सेविकेच्या हातात मोबाइल. पोषणाची माहिती त्यात रोज भरायची असते. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या सरकारी अंगणवाडी योजनेनं अंगणवाडीवर सहा सेवांचं ओझं दिलं आणि शिकवणं हे त्यातलं एक. तरीही त्या ताईनं जमिनीवर एक परात ठेवली होती. परातीत मटकी आणि हरभरे एकत्र. भोवती सात मुलं. मोठे दाणे एका वाटीत, बारीक दुसऱ्या वाटीत. एका मुलीनं मोड आलेली मटकी उचलली आणि विचारलं, “ताई, हिला शेपूट आलंय. ही कुठल्या वाटीत?”

ताई थांबली. उत्तर दिलं नाही. “तुला काय वाटतं?”

“ही आता मोठी झाली.”

“मग?”

“मग हिची वेगळी वाटी.” आणि तिसरी वाटी आली. मग सातही मुलं शेपटीवाल्या मटक्या शोधायला लागली, मोजायला लागली, आणि एक पोरगा म्हणाला माझ्या घरी पण आई फडक्यात बांधते तेव्हा येतं. पाणी लागतं का, फडकं कशाला, रात्री की दिवसा येतं शेपूट, असं पाऊण तास चाललं. वर्गीकरण, मोजणी, भाषा, विज्ञान. परातीची किंमत काय, मटकी किती रुपयांची!

इंग्लंडमध्ये 1997 पासून 141 बालकेंद्रांतल्या सुमारे 3,000 मुलांचा असाच मोठा अभ्यास झाला. चांगल्या केंद्रांत त्यांना जी गोष्ट ठळक दिसली ती हीच, की मोठं माणूस आणि मूल मिळून एकाच प्रश्नात रमतात, एकमेकांचं बोलणं पुढे नेतात आणि मध्येच सोडून देत नाहीत. त्या ताईनं तो अहवाल वाचला असण्याचं कारण नाही. तिनं फक्त उत्तर सांगायची घाई केली नाही. अशा बाईला आपण मानधन देतो. पगार देत नाही. राज्यातल्या अंगणवाडी सेविका 2023 च्या डिसेंबरात संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस बसल्या, ते उगाच नव्हे. गंगापूर रोडच्या नर्सरीतल्या त्या तरुण ताईचा पगार तरी फार वेगळा असेल असं मला वाटत नाही. मुलांचं शिकणं ज्यांच्या जिभेवर आणि कानांवर अवलंबून, त्यांनाच सर्वांत कमी. याचा मला संताप येतो.

आपल्याला हे परदेशातून कळायची गरजही नव्हती. इथून त्र्यंबक, जव्हार करत घाट उतरलं की डहाणू तालुका येतो, आणि तिथं कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयातली प्राचार्याची जागा सोडून 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मॉन्टेसरी पद्धत तिथं शिकल्या, रुजवली. पण ती साधनं महाग, आणि शाळा कुणाची, तर शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या मुलांची. हे त्यांना खटकलं. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या, बरोबर अनुताई वाघ. बालवाडी काढली, तर वस्तीतली मुलं येईनात. मग बाईंनी शाळाच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी आणि काम. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. सरकारी योजनेच्या कितीतरी आधी. 1957 मध्ये काम कोसबाडला गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिला नाव पडलं कुरणशाळा. मॉन्टेसरीचे महागडे मणी आणि ठोकळे परवडणारे नव्हते. त्यांच्या जागी शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, माती. मोजायला चिंचोके असले तरी मोजणी तीच येते, हे या दोघींनी करून दाखवलं. मला वाटतं महाराष्ट्रानं जगाला दिलेल्या मोजक्या शिक्षणविचारांतला हा एक आहे, आणि आपण तो ‘गरिबांची सोय’ म्हणून बाजूला टाकला. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी प्लॅस्टिकचं गवत घेतलं.

वाळूचं सांगायचं राहिलं. सोमेश्वरच्या अलीकडे एका इमारतीचं काम चालू आहे. गेटाशी वाळूचा ढीग, त्यावर मजुरांची चार-पाच पोरं. बोगदा खणत होती. एकीनं मोठ्या मुलाला ओरडून सांगितलं, “वरून नको, कोसळंल, पानी मार आधी!” आमची नात माझा हात ओढत उभी राहिली, हलेना. शिकण्याच्या दृष्टीनं त्या क्षणी गंगापूर रोडवरची सर्वांत चांगली नर्सरी तीच होती. पण दहा फुटांवर सळया पडल्या होत्या, मिक्सर फिरत होता आणि एकही मोठं माणूस लक्ष द्यायला नव्हतं. बांधकाम मजुरांचा 1996 चा कायदा आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, की पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथं त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, सांभाळायला शिकलेली बाई हवी. ज्या साइटवर वीसच बायका आहेत त्यांच्या मुलांनी काय करायचं? 1969 साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत अशाच एका बांधकामावर तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलं, तेव्हा त्यांनी बायकांची संख्या मोजली नव्हती. धुळीत झोपलेली बाळं पाहिली होती. गंगापूर रोडवर एका मजल्याच्या किमतीत अशी किती पाळणाघरं चालतील, हा हिशोब बिल्डर मंडळींनी एकदा बसून करावा.

सहाव्या ठिकाणी आम्ही मागच्या आठवड्यात गेलो. छोटी जागा, मागे परसात पेरूचं झाड. मी वहीचं विचारलंच नाही. “वाळू आहे का?” एवढंच विचारलं. संचालिकाबाई क्षणभर गप्प झाल्या. मग आम्हाला मागे घेऊन गेल्या. विटांचा छान हौद, वर निळी ताडपत्री, चारही कोपरे सुतळीनं घट्ट बांधलेले. पालकांनी गणवेश मळतो म्हणून लेखी तक्रार केली होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून बंद. सुतळीच्या गाठीवर पेरूची पानं कुजून बसली होती.

नातीचं नाव तिथंच घातलं. सूनबाईनं त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला: ताडपत्री काढावी, आम्ही मुलांना जुने कपडे घालून पाठवू, गणवेशाबद्दल तक्रार करणार नाही. बाई म्हणाल्या, निम्म्या पालकांच्या सह्या आणा, मी त्याच दिवशी सुतळी कापते. एकोणीस सह्या लागतात. काल रात्रीपर्यंत अकरा झाल्या आहेत.