बिननावाच्या केक-सेटवाल्यास अनावृत पत्र

माननीय 'संपूर्ण बेकिंग सेट'कार यांस,



हे पत्र पोस्टानंच पाठवणार होतो. पण तुमच्या पेटीच्या सहाही बाजू पाहिल्या, बनवणाऱ्याचं नाव कुठं नाही, पत्ता नाही, छापील किंमतही नाही. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार हे सगळं पेटीवर असावं लागतं. तुम्ही छापलाय तीन मजली केकचा फोटो आणि खाली 'घरबसल्या बेकर व्हा'. तेव्हा जवळा बाजारहून हे चारचौघांत लिहितो आहे.

आमचं गाव औंढा नागनाथ तालुक्यातलं. नावातच बाजार आहे, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस खरेदीला इथं येतो. हल्ली लेकराच्या वाढदिवसाला केक हवाच, आणि तो गावातल्याच एखाद्या सुनेनं घरी करून चार पैसे मिळवावेत यासारखी चांगली गोष्ट नाही. माझ्या पुतणीनं हाच विचार केला. शिलाईकामाचे पैसे साठवून तिनं तुमची पेटी मागवली. ते पैसे तिनं कसे साठवले हे मी पाहिलंय, म्हणून राग आलाय.

काय दिलंत तुम्ही तिला? क्रीमचे नोझल मोजता मोजता दमायला होतं. गुलाबाची पाकळी, शिंपला, तारा, वेणी, सगळ्या नक्षीची सोय आहे. केक फुगलाच नाही तर ही नक्षी काढायची कशावर, एवढं मात्र सांगायचं राहिलं. एक ना धड, भाराभर चिंध्या!

तुमच्या मापाच्या कपाचं घ्या. त्यावर ठळक लिहिलंय 240 मि.ली. मी तो काठोकाठ पाण्यानं भरला आणि किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, हिशेब सोपा आहे. कपाचं वजन वगळून आकडा 240 च्या बराच अलीकडे थांबला. तुम्ही म्हणाल, मैदाही त्याच कपानं आणि साखरही त्याच कपानं, म्हणजे प्रमाण चुकत नाही. चुकतं, महोदय. अंडी कपानं मोजत नाहीत, ती दोनची दोनच राहतात. बेकिंग पावडर चमच्यानं पडते, ती कपाबरोबर कमी होत नाही. केक मधोमध बसतो आणि पोरगी समजते की आपल्या हाताला गुण नाही.

कप बरोबर असता तरी मैद्याचा भरवसा नाहीच. चाळून अलगद भरला तर कपात साधारण 120 ग्रॅम मावतो, दाबून भरला तर 150 च्या घरात जातो. म्हणून शिकणाऱ्याच्या हातात पहिली वस्तू द्यायची ती एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. तुमच्या 'संपूर्ण' पेटीत काटाच नाही!

केकच्या भांड्याचीही तीच गत. अर्ध्या किलोच्या केकला 6 इंची गोल डबा लागतो. तुम्ही घातलाय 8 इंची, पत्र्यासारखा पातळ. त्याचा तळ 6 इंचीच्या जवळजवळ पावणेदोनपट, म्हणजे तेवढंच मिश्रण त्यात भाकरीसारखं पसरतं, कडा करपतात आणि केक चपटा, कोरडा होतो.

पण खरा संताप आला तो चिक्कीच्या दिवशी. पेटीवर 'केक आणि कँडी' असं लिहिलंय, म्हणून तिनं संक्रांतीआधी शेंगदाण्याची चिक्की करायला घेतली. तुमचा थर्मामीटर 100 अंशांवर संपतो. साखरेचा पाक गोळीबंद होतो तोच 112 ते 116 अंशांना. चिक्कीसारखा कडक मोडायला तो 150 च्या आसपास न्यावा लागतो, आणि 160 ओलांडल्यावर त्याचं कॅरमल व्हायला लागतं. म्हणजे कँडीचं काम जिथं सुरू होतं त्याच्या आधीच तुमचं यंत्र संपतं. आणि तो प्लॅस्टिकचा कालथा! उकळत्या पाकात घातल्यावर त्याचं टोक मऊ पडलं, वाकलं, आणि बाहेर काढताना पाकाची तार तिच्या मनगटावर आली. उकळतं पाणी निदान निथळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो. तो डाग तिच्या हातावर अजून आहे. त्याची किंमत तुमच्या कुठल्या ऑफरमध्ये धरली होती?

आमच्या घरांत पाकाचं ज्ञान तुमच्या पेटीच्या कितीतरी आधीपासून आहे. आमच्याकडच्या बाया पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकतात. बोटांत त्याची मऊ गोळी वळली तर गोळीबंद, टक्कन मोडला तर चिक्कीचा. त्यांना लागते जाड बुडाची कढई, लाकडी उलथणं, तूप लावलेली परात आणि लाटणं. ओव्हन नव्हता तेव्हा कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून केक होत होते, आजही होतात. तुम्ही हे सगळं अडाणीपणाचं ठरवलंत आणि त्याच्या जागी वितळणारं प्लॅस्टिक विकलंत.

तेव्हा मागणी साधी आहे. नोझलचा ढीग कमी करा, दोन पुरेत. त्या पैशात काटा घाला, स्टीलचे मापाचे चमचे घाला, 200 अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर घाला, 6 इंची जाड ॲल्युमिनियमचा डबा घाला, उष्णता सोसणारा सिलिकॉनचा कालथा घाला. ते परवडत नसेल तर पेटीवरचा 'संपूर्ण' हा शब्द खोडा.

आणि आता तुमच्याशी नाही, आमच्या ताया-वहिनींशी बोलतो. पेटी घेऊ नका, एकेक वस्तू घ्या. सगळ्यात आधी काटा. मग डबा, मग चमचे. मैद्याची चाळणी, परात, लाटणं, कढई घरात आहेच. ओव्हन घेतला तर आत ठेवायचा थर्मामीटरही घ्या, कारण बटण 180 वर असलं म्हणून आत 180 असतंच असं नाही. पाकाचा थर्मामीटर आणला की आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. आपल्या भागाच्या उंचीवर तो 98-99 च्या आसपास थांबायला हवा. फारच वेगळा आकडा दाखवला तर दुकानदाराला परत करा. पाक करताना लेकरांना चुलीपासून लांब ठेवा आणि गार पाण्याचं भांडं हाताशी असू द्या. फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आपला,
जवळा बाजारचा एक काका