रायफलीतला भोपळा

अमेरिकेत रायफलीचा आत्मा नेमका कुठे वसतो, हे तिथल्या कायद्याने 1968 सालीच ठरवून टाकलं आहे. आपल्याकडे आत्म्याचा ठावठिकाणा लावण्यात पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या; तिथे एका कलमात काम भागलं. नळी म्हणजे रायफल नव्हे. अक्रोडाचा गुळगुळीत दस्ता नव्हे, घोडा नव्हे, वर बसवलेली दुर्बीण तर नव्हेच. नळी आणि दस्ता जिथे भेटतात तिथला वीतभर पोलादी सांगाडा, ज्याच्या पोटात बोल्ट मागेपुढे सरकतो, तो रिसीव्हर म्हणजे रायफल. अनुक्रमांक त्याच्यावर. नळी आणि दस्ता कुरियरवाला खुशाल पायरीवर ठेवून जातो. हा तुकडा मात्र परवानाधारक दुकानदाराकडेच उतरतो, आणि फॉर्म भरून, चौकशीला उतरून मगच हाती पडतो. बाकी सगळं बदला, रायफल तीच. हा बदलला की जन्म नवा.

हे ज्ञान मला मोंटानात, मुलीच्या शेजारच्या गॅरेजमध्ये मिळालं. शस्त्रांशी माझा संबंध खंडेनवमीला विळी-कात्रीवर हळदकुंकू वाहण्यापुरता. पण शेजारचे आजोबा, आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेले, स्वतःसाठी एक रायफल बांधवून घेणार होते, आणि त्यांच्या घरात त्याविषयी ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं. दस्त्यासाठी अक्रोडाचा ओंडका कधीचा फळीवर वाळत होता. नळी कुणाकडून घ्यायची तेही पक्कं होतं. अडलं होतं रिसीव्हरपाशी. ते कॉफी ओतत, मी बसत असे, आणि चर्चा कालच्या जागेवरून पुढे सुरू होई.

त्यांचं पहिलं प्रेम माउझर. पाउल माउझर हे ओबर्नडॉर्फच्या बंदूक कारखान्यातल्या कामगाराचं तेरावं अपत्य. त्यांनी 1898 साली जर्मन सैन्यासाठी जी रचना सिद्ध केली, तिला वळसा घालून पुढे जाणं फारसं कुणाला जमलेलं नाही. खुद्द अमेरिकेने 1903 ची आपली स्प्रिंगफील्ड रायफल त्याच वळणावर केली आणि त्यापायी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजले. आजोबांनी जुना बोल्ट माझ्या हातात दिला. त्याच्या उजव्या अंगाला स्प्रिंगच्या पोलादाची लांब पट्टी निजलेली, टोकाशी वाकडी नखी. मॅगझिनमधून काडतूस वर येतं न येतं तोच ही नखी त्याची कड धरते, नळीत नेऊन बसवते आणि काम झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर भिरकावेपर्यंत सोडत नाही. जिम कॉर्बेटना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 साली जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बींची. पण तिचाही सांगाडा माउझरचाच. पुढे ती रायफल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि प्रकाशकाच्या घरी राहिली. लेखकाच्या हस्तलिखितासोबत त्याची बंदूकही सांभाळणारे प्रकाशक आता कुठे मिळायचे!

माउझरनंतर विंचेस्टरचं मॉडेल 70. हे 1936 चं, नखी तीच, पण डौल अमेरिकन. 1964 साली कंपनीने खर्च वाचवायला त्याच्यात फेरफार केले, नखीही काढली, आणि तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीचं’ हे शब्द तिथले लोक आपल्याकडे ‘फाळणीच्या आधीचं’ म्हणावं तशा सुरात उच्चारतात. उलट रेमिंग्टनचं मॉडेल 700, 1962 चं, सरळ नळकांड्यासारखं. त्याचा बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि अगदी शेवटी पकडतो. बनवायला सोपं, नेमबाजीत नेमकं. आजचे कितीतरी महागडे रिसीव्हर त्याचीच बैठक घेऊन येतात. पण नखीवाले ऐकत नाहीत. त्यांचा हुकमी मुद्दा एकच: आफ्रिकेचा रानरेडा अंगावर धावून आला आणि ऐन वेळी काडतूस अडकलं तर? आजोबा जन्मात आफ्रिकेला गेले नव्हते. मोंटानातली हरणं माणूस दिसला की उलट्या दिशेने धावतात. तरी तो रेडा रोज गॅरेजमध्ये येई, आणि आम्ही दोघं त्याच्या वाटेतून कॉफीचे कप बाजूला घेत असू.

एकदा मी त्यांना मिरजेचं सांगितलं. तिथे तंबोरा करणाऱ्यांच्या माडीवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळके भोपळे टांगलेले असतात. कारागीर एकेक उतरवतो, टिचकी मारतो, कान लावतो. लाकूड, खुंट्या, नक्षी, तारा सगळं मागाहून. पण तंबोरा मर्दानी व्हायचा की जनानी, हे त्या भोपळ्याच्या घेरावर ठरतं. आणि मैफिलीत त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मिरजेच्या या कारागिरीचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्यांतले. तलवारींचे दिवस सरत आले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ते तंबोऱ्याकडे वळले. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘भोपळ्यावर अनुक्रमांक असतो का?’

अखेर निवड झाली ती नखीवरून नाही आणि नळकांड्यावरूनही नाही. नात सुट्टीला आली होती. ती ओट्याशी बसून चित्र काढत होती, डाव्या हाताने. हे त्यांनी आधी शेकडो वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी बघत राहिले. नळी झिजली की बदलतात, दस्ता तडकला की नवा बसवतात, रिसीव्हर तेवढा पुढच्या पिढीकडे जातो. आमच्या लहानपणी डावखुऱ्या पोराच्या हातातला घास काढून उजव्या हातात देत. माझ्या धाकट्या आत्याचा डावा हात जेवताना पदराखाली दडलेला असे, तो आजही आठवतो. आजोबांना असलं काही सुचलं नाही. त्यांनी मुकाट्याने स्वतःची यादी खोडली. चौसष्टच्या आधीचं मॉडेल 70 डाव्या हाताचं कधी निघालंच नाही, आणि जुन्या लष्करी माउझरला तर डावखुरा शिपाई ठाऊकच नव्हता. उभ्या आयुष्याची दोन्ही प्रेमं एका दुपारी निकालात निघाली, आणि डाव्या बाजूला बोल्ट असलेला आजकालचा एक रिसीव्हर मागवला गेला.

तो आला तेव्हा मी तिथेच होतो. नात मोठी होईपर्यंत कागदोपत्री आणि खांद्यावर तो त्यांचाच, म्हणून ते रिकामा बोल्ट सरावासाठी ओढून बघत होते. उजवा हात वरून पलीकडे नेताना कोपर टेबलाच्या दिव्यावर आपटत होतं.

‘आणि रेडा आला तर?’ मी विचारलं.

‘तर तिला हाक मारीन,’ ते म्हणाले, आणि दिवा सरळ केला.