पार्किंगमधला मिस्त्री

रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत मारुती ८०० खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की लोक त्या पायांच्या मालकाला चिक्कू ठरवून मोकळे होतात. पुरावा तपासला तर हा आरोप टिकत नाही. स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर कटकट ऐकू येते ती बहुधा एकाच बाजूची. तिथल्या एक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ शिरते आणि आतले सहा छर्रे आपल्याच खाचा कुरतडत बसतात. चिक्कू माणूस तेवढा एक एक्सल बदलेल, किंवा त्याहून स्वस्त उपाय म्हणून रेडिओ मोठा करेल. हे गृहस्थ मात्र दोन्ही बदलतात. एकाला ठेवून दुसऱ्याला काढणं त्यांना बरं वाटत नाही. शिवाय हबचा नट हलेना म्हणून मोठा सॉकेट, सॉकेट फिरेना म्हणून लांब दांडा आणि दांडा वाकला म्हणून पाइप, अशा नाना पेठेच्या फेऱ्यांत मजुरीची बचत शनिवारीच खलास झालेली असते. गीअर ऑइल आधी काढून घ्यायचं राहिलं, तर फरशी धुण्याचा खर्च वेगळा.

मग हा खटाटोप कशासाठी? त्यांचं भांडण गॅरेजच्या बिलाशी नसून 'पूर्ण असेंब्लीच गेली, साहेब' या वाक्याशी आहे. गॅरेजातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून ते वाक्य तपासता येत नाही. पार्किंगच्या फरशीवर आडवं पडून येतं. 'पण जिवाला धोका?' नुसत्या जॅकवर भरवसा टाकला तर आहेच. म्हणून तर गाडी स्टँडवर चढते, मागच्या चाकांना दगड लागतात, वर स्टेपनीही खाली सरकवली जाते. आणि तो हट्टी नट चाकं जमिनीवर असतानाच सैल केला जातो. एवढी धास्ती पगारी मेकॅनिक बाळगेल का, याची शंकाच आहे. 'शेवटी एखादा वॉशर उरतो, त्याचं काय?' या आक्षेपाला मात्र उत्तर नाही. तो डॅशबोर्डवर राहतो आणि त्याचा विषय घरात कोणी काढत नाही.

तरीही कोणाला काटकसरीचाच संशय असेल, तर त्याने माळा बघावा. जुने एक्सल भंगारात घातले तर चार पैसे सुटतील, पण ते वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे जपलेले असतात. पाहुण्यांनी आधी त्यातल्या खाचेवरून बोट फिरवायचं, मग हात धुवायचे आणि त्यानंतर चहा.