पुढच्या महासाथीसाठी मोटरहोम: इच्छुकांना काही सूचना

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. मोटरहोम कधी घ्यावे याचे उत्तर पंचांगात सापडत नाही. ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात सापडते. त्या देशातली बहुसंख्य मोटरहोम आणि ट्रेलर याच टापूत जुळवले जातात. एप्रिल २०२०मध्ये कोविडच्या साथीत कारखाने बंद झाले आणि तिथली बेकारी २९ टक्क्यांवर गेली. मग विमानाला भ्यालेल्या आणि हॉटेलला कंटाळलेल्या अमेरिकेला चाकांवरच्या घराची आठवण झाली. २०२१ साली या उद्योगाने सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या, हा आजवरचा उच्चांक. २०२३मध्ये आकडा तीन लाख तेरा हजारांवर घसरला. तेव्हा सुज्ञाने साथीच्या आधी तरी खरेदी करावी किंवा साथ ओसरून दोन वर्षे जाऊ द्यावीत. ऐन साथीत जे घेतात ते विक्रेत्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावतात, आणि तेही पुण्याचेच काम आहे.

आकार निवडताना संकोच करू नये. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत २६ हजार पौंडांपर्यंतचे, म्हणजे जवळपास बारा टनांचे, मोटरहोम हाकायला साधे कारचे लायसन्स चालते. काल संध्याकाळपर्यंत छोटी होंडा चालवणारे निवृत्त मास्तर आज सकाळी बसएवढे धूड महामार्गावर घालू शकतात. कायद्याचा नागरिकांवर इतका विश्वास अन्यत्र क्वचितच दिसतो. मोठ्या गाड्या लिटरला तीन-चार किलोमीटर देतात, त्यामुळे जून २०२२मध्ये पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले तेव्हा बऱ्याच जणांना घरचे अंगण अचानक रम्य वाटू लागले.

आता कुठे जावे? इथे खरी मेख आहे. साथीत रस्ता सहसा उघडा असतो. बंद असते ती थांबायची जागा. युटा राज्यातले मोॲब हे लाल खडकांचे गाव प्रवाशांवर जगते. मार्च २०२०मध्ये बाकी देश बंद होताच लोक तिकडे लोटले. गावातल्या इस्पितळात खाटा सतरा, अतिदक्षता विभाग नाही. इस्पितळाने थेट गव्हर्नरला पत्र लिहून पाहुणे थांबवण्याची विनंती केली आणि आरोग्य खात्याने बाहेरच्यांना हॉटेलात उतरायला आणि तंबू-ट्रेलर टाकायलाही बंदी केली. म्हणून मुक्कामाचे गाव निवडताना निसर्ग पाहू नये. आधी इस्पितळातल्या खाटा मोजाव्यात, त्यातून गावकऱ्यांसाठी लागतील त्या वजा कराव्यात, आणि उरलेल्या खाटांवर आपला हक्क किती याचा शांतपणे विचार करावा.

सरहद्द ओलांडायची हौस असेल तर अलास्काचे निमित्त सांगता येते. कॅनडाने पर्यटकांना दारे लावली होती, पण अलास्काला घरी किंवा कामाला निघालेल्या अमेरिकनांना तिथून जाऊ देणे भाग होते. परिणामी अलास्काला निघालेले काही जण वाट वाकडी करून बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात आढळू लागले. ३१ जुलै २०२०पासून कॅनडाने अशा वाहनांना ठरावीक पाच नाक्यांवरूनच प्रवेश दिला आणि आरशाला लटकवायची चिठ्ठी दिली. देश कधी सोडायचा ती तारीख तीवर लिहिलेली असे. इच्छुकाने ही चिठ्ठी दर्शनी लावावी. लपवली तरी परदेशी नंबरप्लेट बोलतेच, आणि त्या उन्हाळ्यात कॅनडातले शेजारीपाजारीही बरेच बोलत होते.

एकांत हवा असेल तर यलोस्टोनला जावे. मार्च २०२०मध्ये बंद झालेले हे उद्यान मेमध्ये उघडू लागले, आणि जुलै २०२१मध्ये त्या एका महिन्यात दहा लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. उद्यानाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. गर्दी टाळायला निघालेले सगळे तिथे भेटतात.

टाकीचा विषय टाळून चालणार नाही. मोटरहोमच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: संडासाची काळी, बेसिन-मोरीची करडी. त्या रिकाम्या करायच्या जागी, म्हणजे डम्प स्टेशनवर, हातमोजे घालून, तीन इंची नळी घट्ट बसवून आधी काळीचा खटका ओढावा. गडगडाट थांबला की मग करडीचा, म्हणजे साबणाचे पाणी नळी धुऊन नेते. क्रम उलटला तर नळी गुंडाळताना चूक हाताला कळते. काळ्या टाकीला लवकर विरघळणारा कागद लागतो. मार्च २०२०मध्ये कुठलाच टॉयलेट पेपर मिळेना, तेव्हा लोक ओल्या वाइप्सकडे वळले. पाकिटावर काहीही छापलेले असो, ते संडासात टाकू नका, असे कॅलिफोर्नियाच्या जलमंडळाला लोकांना बजावावे लागले. त्यात कॅम्पग्राउंडला कुलूप लागले की तिथल्या डम्प स्टेशनलाही लागते. स्वातंत्र्याची मर्यादा किती, तर काळी टाकी भरेपर्यंत.

बंद गाडीत कुटुंबाने कसे नांदावे याचा आदर्श १९६९चा आहे. चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना नासाने एअरस्ट्रीम ट्रेलरवरून बेतलेल्या बिनचाकांच्या डब्यात कोंडले. सोबत एक डॉक्टर, एक इंजिनिअर. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवला होता, म्हणजे चंद्रावरचे जंतू असलेच तर बाहेर पडू नयेत. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभे राहून बोलले. चंद्र सोडल्यापासून एकवीस दिवसांचे विलगीकरण पुढे ह्यूस्टनमध्ये पुरे झाले. पाच माणसांत भांडण झाल्याची नोंद नाही. अर्थात त्यांत कोणी सासू-सून नव्हते.

महासाथीत मोटरहोमचा सर्वांत चोख उपयोग मात्र ज्यांनी ते हलवलेच नाही त्यांनी केला. २०२०च्या मार्चमध्ये ‘आरव्हीज फॉर एमडीज’, म्हणजे ‘डॉक्टरांसाठी मोटरहोम’, नावाचा फेसबुक गट निघाला. मोटरहोमवाल्यांनी आपल्या गाड्या डॉक्टर-नर्सना फुकट दिल्या. पाळी संपवून आलेली नर्स घराच्या दारात उभ्या गाडीत झोपायची आणि मुलांना काचेआडून बघायची. पेट्रोल शून्य, पाणी-वीज घरची, परगावच्या खाटांवर भार नाही. पुढच्या साथीसाठी घ्यायचेच असेल तर याच बेताने घ्यावे. फक्त त्याआधी वसाहतीची नियमावली वाचावी, कारण अमेरिकेतल्या अनेक वसाहतींत दारापुढे मोटरहोम उभे करायला मनाई असते, आणि मग ते गावाबाहेरच्या भाड्याच्या जागेत ठेवून त्याला भेटायला कारने जावे लागते.