रियाज कमी पडतोय

नवं वाद्य वाजेना की दोष वाजवणाऱ्याचा, हा निकाल आपल्याकडे आधीच लागलेला असतो. मी कशेळ्यात गिटार आणली आणि बोटांची सालं निघायला लागली, तेव्हा नाक्यावर एकमत झालं : रियाज कमी पडतोय. चहावाला हेच म्हणाला, टमटमवाला हेच म्हणाला, आणि जन्मात टाळ हातात न धरलेले आमचे काका तर फार कळवळून म्हणाले. आईचं तेवढं वेगळं. "हळद लाव. आणि रात्री वाजवू नको."

गिटारीकडे मात्र कुणी बघेना. पुतण्याच्या कंपासपेटीतली पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरली, तर तार चार मिलिमीटर वर. अडीचच्या आत हवी. खालून मुंग्यांची वरात बँडबाजासकट निघाली असती.

कारण साधं आहे. सहा पोलादी तारा मिळून सत्तरेक किलोचा ताण देतात. म्हणजे एक खातापिता इसम गिटारीच्या मानेला रात्रंदिवस लोंबकळलेला. मान वाकते. त्यात आमचा कर्जतचा पाऊस. आषाढात इथे घराची दारं फुगून बसतात, तिथे गिटारीचं पातळ पोट काय टिकणार? ते फुगतं आणि तारा आणखी वर जातात.

हे ओळखलं ते भजनी मंडळाच्या पखवाजवाल्या बुवांनी. त्यांनी गिटार कधी हातात घेतली नव्हती. पण पावसाळी हवेत कणीक किती लावायची आणि गठ्ठ्याला हातोडी कुठे मारायची, यात त्यांची हयात गेलेली. एक तार दाबून म्हणाले, "उंच आहे रे ही. हिची जवारी कुणी लावली?" बरोबरच होतं. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरासुद्धा तारांखालची घोडी घासून जवारी लावल्याशिवाय बोलत नाही. माझी तर खोक्यातून आलेली.

मग लोकलने मुंबई. कारागिराने एक डोळा मिटून मानेवरून नेम धरला, मानेतल्या लोखंडी दांड्याला चावी लावून पाव आटा फिरवला आणि चहा मागवला. लाकडाला घाई चालत नाही म्हणे. चहा संपल्यावर पुन्हा नेम. मग तारांखालची हाडाची पट्टी काढून काचपेपरवर खालून घासली, मानेच्या वरच्या टोकाच्या खाचा कानशीने खोल केल्या. प्रत्येक तार मोकळी छेडायची, मग बाराव्या फ्रेटवर दाबून. तोच सूर वरच्या सप्तकात तंतोतंत येईपर्यंत सोडायचं नाही. "दिवाळीनंतर परत दाखवा," म्हणाला. "हवा सुकली की ही पुन्हा बदलणार."

गुरुवारी भजनाला मी ती अगदी बिनचूक लावून नेली. पहिल्याच अभंगाला पेटी एका गावाला, गिटार दुसऱ्या. मी सूर मोजायचं यंत्र काढून दाखवलं, "बुवा, पेटी उतरलेली आहे."

बुवांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "पेटी देवळाची आहे," ते म्हणाले. "तुझीच उतरव."