चालत आलेली तक्रार

‘आपले सरकार’ पोर्टलवरची तक्रार निवारण सेवा आली 26 जानेवारी 2015 ला. मुहूर्त प्रजासत्ताक दिनाचा, वायदा 21 दिवसांचा. घरबसल्या तक्रार करा, 21 दिवसांत निवारण. प्रजेला आणखी काय हवं?

रेंज.

अकोले तालुक्यातल्या डोंगराआडच्या वाडीत ओटीपी पाहिजे तर आधी टेकडी चढायची. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. सरकारी कामात मुदत पाळणारा तेवढा एकच!

तरी पठ्ठ्या रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार टाकतोच. टोकन नंबर मिळतो. वाटतं, थेट मंत्रालयात पोचलो. मग तक्रार मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला उतरते. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, कागदाची वाट तीच. शेवटी ती कुणाच्या टेबलावर येते? ज्याच्याबद्दल होती त्याच्याच. अहवालही तोच लिहिणार.

‘नियमानुसार कार्यवाही करण्यात आली.’ तक्रार निकाली.

आणि खड्डा? त्याला कुणी विचारलंय?

लोकसेवा हक्क कायदाही 2015 चाच. ठरलेला दाखला विनाकारण अडवला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. म्हणजे दाखल्यामागे कायदा उभा. तक्रारीमागे? नुसता 21 चा आकडा. तो दिल्लीलाही आवडला. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये स्वतःच्या तक्रार पोर्टलची मुदत 30 वरून 21 दिवसांवर आणली. आता निकाल लवकर लागतो. कुणाचा, ते विचारू नका.

अकोलेकरांना मात्र याहून जलद सेवा ठाऊक आहे. 26 एप्रिल 2023 ला किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीला पायी निघाला. लोणी म्हणजे तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील यांचं गाव. मागण्या वनजमिनीच्या, दुधाच्या भावाच्या, बांधकाम कामगारांच्या. सगळ्या जुन्याच, कागदोपत्री मुरलेल्या.

दुसऱ्याच दिवशी संगमनेर तालुक्यात, धांदरफळला, तीन मंत्री मोर्चाला सामोरे आले. लोणी गाठायची गरजच उरली नाही.

21 दिवस कुठे गेले?

लॉगिन नाही, कॅप्चा नाही, ‘मी यंत्रमानव नाही’ची खूण नाही. पायाचे फोड बघून खात्री पटली असावी. दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं, तो वेगळ्या सदराचा विषय.

तूर्त एवढंच विचारायचंय: मंत्री रस्त्यावर बोलवायची ही सेवा पोर्टलवर कुठल्या विभागाखाली सापडते?