धावण्याचा मुहूर्त

माणसाचं अंग पहाटे चार-पाचला सर्वांत थंड असतं आणि संध्याकाळी सर्वांत ऊबदार, आणि ऊबदार स्नायू चांगले चालतात, म्हणून पुष्कळ खेळाडू संध्याकाळी खुलतात, एवढं वाचून मी त्याच दिवशी बूट चढवले. महिना मे होता. बुटीबोरीत मे महिन्यातली संध्याकाळ फक्त पंचांगात होते. दिवसभर ४५ अंश पिऊन बसलेला एमआयडीसीचा डांबरी रस्ता ती सगळी उष्णता माझ्या तळव्यांतून परत करू लागला, डोक्याला बांधलेला दुपट्टा सुटून डोळ्यांवर आला, ऊन लागू नये म्हणून सौभाग्यवतींनी खिशात कोंबलेला कांदा घरंगळला, तो उचलायला वाकलो तर कमरेनं सरळ व्हायला नकार दिला, आणि पानठेल्यावरच्या गृहस्थांनी मोठ्या काळजीनं विचारलं, "काहून पळून राह्यले भाऊ, कोनी मांगं लागलं का?"

कांदा मात्र ताजातवाना घरी पोचला.

मग कळलं, की लांब पळणाऱ्याला स्नायूंच्या उबेपेक्षा हवेचा उकाडा जास्त नडतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, आणि तीही पहाटे पाचला सुटते ती काय उगाच? २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत तर बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी पारा तिशीच्या वरच. ६८ जणी निघाल्या, २८ जणींनी मध्येच सोडली. पहिल्या आलेल्या बाईंचा मला आदर आहे, पण आपुलकी म्हणाल तर त्या २८ जणींबद्दल.

तेव्हा पहाट. साडेचारला कुलरसमोरून उठणं म्हणजे काय, ते विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. अंग वाळत घातलेल्या सांडग्यासारखं कडक, एका पायात मुलाचा मोजा, गुडघे कुरकुरताहेत, आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी मात्र शरीरशास्त्राचं काही वाचलेलं नाही. त्यांचा जोर पहाटेच असतो. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ मी त्या गल्लीत नोंदवली, फक्त दिशा त्यांनी ठरवली.

हार मानली नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये खेळाडूंना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दम संपेपर्यंत पळवून पाहिलं होतं. निष्कर्ष असा, की घड्याळात किती वाजले यापेक्षा तुम्ही उठून किती तास झाले ते महत्त्वाचं. लवकर उठणारे दुपारच्या सुमारास खुलतात, आणि माझ्यासारखे सूर्यवंशी उठल्यापासून सुमारे ११ तासांनी. वा! म्हणजे दोष माझा नव्हताच, मुहूर्ताचा होता. कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली, लगेच गणित मांडलं.

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. सकाळी येऊन झोपायचं, दुपारी दोनला उठायचं. दोन अधिक अकरा. रात्रीचा एक! अख्ख्या दिवसात माझं हृदय, फुप्फुसं आणि पाय एकदिलानं काम करणार तो क्षण कंपनीत, हेल्मेट आणि जड सेफ्टी शूज घालून, मशिनसमोर उभा असताना येणार होता.

एक वाजला. चहाची सुट्टी झाली. कँटीन शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि समोसे नेहमी कमी पडतात.

पहिला आलो.